मधला तुकडा

मंगळवार, १८ सप्टेंबर १९९०, ठाणे

सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटं. वॉटर-बाथजवळच्या उंच स्टुलावर बसून पारा पंचवीसच्या रेघेवर टेकलाय ना ते पाहत होतो. टेकलाय. म्हणून हे पत्र लिहायला घेतलं.

नीलाताईंना नाथाचा नमस्कार आणि जय भीम.

तुम्ही अकोल्याला सुखरूप पोचल्याचं कार्ड सरांकडे आलं. बाळ होईपर्यंत डॉक्टरांनी पडूनच राहायला सांगितलंय हेही कळलं. आडवं पडून वाचताना डोळ्यांना ताण नको म्हणून अक्षर मोठं काढतोय. लॅबमधली तुमची खुर्ची भिंतीकडे वळवून ठेवली आहे. जयाने तिच्यावर ओढणी टाकली होती, ती काढायला लावली.

तुमच्या प्रबंधाच्या परीक्षकांचं पत्र सरांनी मला आणि जयाला समोर बसवून वाचून दाखवलं. मला निम्मं कळलं. नंतर जयाने साध्या भाषेत सांगितलं. ते मी इथे उतरवतो. कुठे चुकलो तर तुम्ही दुरुस्त करा.

पेशी टी-आरएनए पहिल्यांदा घडवते तेव्हा तो नको तेवढा लांब असतो. पुढे थोडा जास्त, मागे थोडा जास्त, आणि काहींच्या पोटात एक मधला तुकडा. पुढचं टोक एक विकर, म्हणजे एन्झाइम, कापतं. त्या विकराचा कापणारा भाग स्वतःच आरएनएचा असतो, हे तुम्ही सांगितलंत त्या दिवशी मी डबा खायचा विसरलो होतो. मग मागचं टोक तासलं जातं आणि तिथे सी, सी, ए ही तीन अक्षरं जोडली जातात. आपल्या यीस्टच्या जीनमध्ये ती लिहिलेलीच नसतात, तरी प्रत्येकाला मिळतात. मला हा भाग सगळ्यात आवडतो. काही अक्षरांवर बारीक खुणा होतात. शेवटी मधला तुकडा काढून दोन्ही अर्धे एकमेकांना जोडतात. मग तो केंद्रकातून बाहेर पडतो आणि प्रथिनं घडतात तिथे अमिनो आम्लाचं ओझं वाहतो.

आपलं बिघडलेलं यीस्ट पंचवीस अंशांवर हे सगळं करतं. सदतीसवर नेलं की मधला तुकडा कापणारं विकर लुळं पडतं. पुढचं-मागचं टोक तयार, सी-सी-ए लागलेलं, आणि पोटात तो तुकडा तसाच. असे अर्धवट साठत जातात. तुमचं म्हणणं असं की परत पंचवीसवर आणलं की हेच साठलेले पुढे पूर्ण होतात. परीक्षकांचं म्हणणं, तुमच्या एक्स-रे फिल्मवर ते नाहीसे होताना दिसतात, पण कुजूनसुद्धा नाहीसे होतील. पूर्ण झाले असतील तर कापून निघालेला मधला तुकडा कुठे आहे? तो दाखवा.

एवढंच राहिलंय. एक फिल्म, आणि तिच्यावर तुम्ही लिहायचं एक पान. ३१ डिसेंबरला तुमची पीएच.डी.ची नोंदणी संपते. त्यानंतर पाच वर्षांचं काम नुसतं कपाटात.

जया म्हणाली, "नाथा, तू आणि मी मिळून ताईंना डॉक्टर करायचं. तू बर्फ सांभाळ, बाकी मी बघते." हसत म्हणाली, पण डोंबिवलीला परत जाताना फाटकापासून दोनदा मागे आली, बर्फाचं मशीन चालू आहे ना विचारायला.

नवे टी-आरएनए बनणं थांबवणारं ते औषध दोन वेळा पुरेल इतकंच उरलंय. कुलपात ठेवलंय.

तुमचा,
नाथा


गुरुवार, २७ सप्टेंबर, दुपारी

नीलाताई, नमस्कार, जय भीम.

काल झालं. तासभर सदतीसवर ठेवलं, मग औषध घातलं, आणि फ्लास्क झटकन पंचवीसच्या पाण्यात. जया "आता!" म्हणायची आणि मी बर्फातली नळी पुढे करायचो. मध्येच ती म्हणाली, "नळी दोन्ही हातांनी का धरलीस रे?" मी म्हटलं बर्फ गार आहे. ती म्हणाली, "बर्फ गारच असतो, नाथा."

पाच नळ्या झाल्या. पहिली लगेचची, मग पाच, दहा, वीस आणि चाळीस मिनिटांची. आरएनए अल्कोहोलमध्ये खाली बसवून नळ्या फ्रीझरमध्ये ठेवल्या. उद्या खंडेनवमी, परवा दसरा, मग रविवार. जया सोमवारपासून पुढचं करील, म्हणजे आरएनए जेलच्या चकतीतून पळवून मापाप्रमाणे रांगांत वेगळा करील आणि कागदावर उतरवील. मधल्या तुकड्यालाच जाऊन चिकटणारा किरणोत्सारी धागा ती बनवणार आहे. त्या टेबलापाशी मला यायची परवानगी नाही.

आज पाणी बदलून झाल्यावर वॉटर-बाथच्या आवाजात डोळा लागला. सांगू का नको? सांगतो. आमची कोलशेतची खाडी दिसली. ओहोटी होती. चिखलात होड्या बसलेल्या, एवढ्या लांब की एकीचं नाक दुसरीच्या पाठीवर. कोणीतरी पाण्यासारखं येऊन प्रत्येकीचं नाक कापत होतं, शेपूट तासत होतं, आणि शेपटावर तीन झेंड्या लावत होतं. आवाज काहीच नाही. झेंड्या लागूनही होड्या हलत नव्हत्या. प्रत्येकीच्या पोटात एक फळी उभी. बाबा कुठूनतरी म्हणाले, "पानी येल तवा सुटतील." मी विचारलं, कधी येणार? तेवढ्यात बाथचा थर्मोस्टॅट खटकन वाजला आणि मी जागा झालो. पारा पाहिला. पंचवीस.

हे सरांना कळवू नका. कामावर झोपलो म्हणतील.

नाथा


सोमवार, १ ऑक्टोबर

नीलाताई, नमस्कार, जय भीम.

खंडेनवमीची पूजा छान झाली. आपल्या दाजींनी, तीस वर्षं इथे शिपाई आहेत तरी पहिल्याच वर्षीच्या उत्साहाने, सगळी यंत्रं ओळीने पुसली आणि हळदकुंकू लावलं. सेंट्रिफ्यूजला हार, मोठ्या तराजूला झेंडू, ऑटोक्लेव्हला अख्खा नारळ. म्हणाले, "यंदा ताई नाहीत. टोमणे कोण मारणार?" मग तुमचा आवाज काढून म्हणाले, "दाजी, सेंट्रिफ्यूजवर नारळ ठेवाल तर फिरून सरांच्या डोक्यात बसेल!" सगळे हसले. सरसुद्धा.

यंदा त्यांनी काहीच वगळलं नाही. काचसामान, पिपेट, हातमोज्यांचा खोकासुद्धा पाटावर मांडला. फ्रीझर उघडून आपल्या नळ्यांच्या रॅकवरही कुंकू वाहिलं. म्हणाले, ताईंची पाच वर्षं आहेत ती, त्यांना कोरडं कसं ठेवायचं? तुम्ही हे मानत नाही हे मला ठाऊक आहे. पण ते मनापासून बोलत होते, म्हणून मी अडवलं नाही.

नळ्या मी नंतर पाहिल्या. ठीक दिसल्या. आत काही पडलेलं नव्हतं.

तब्येतीला जपा. आईने सुक्या बोंबलाची चटणी द्यायची म्हटलंय, पण पोस्टाने वास लागेल.

नाथा


गुरुवार, ११ ऑक्टोबर

नीलाताई,

काल संध्याकाळी फिल्म धुतली. अंधाऱ्या खोलीत लाल दिव्याखाली जयाने ती पाण्यातून वर काढली, उलटी करून पुन्हा दिव्याखाली धरली. मग म्हणाली, "नाथा, हे काय रे? कोणी बोट फिरवल्यासारखं?"

पाचही रांगांत एकही रेघ नाही. वरपासून खालपर्यंत नुसता काळपट धूर. आरएनएचे तुकडे-तुकडे झालेत. जयाने स्वतःच्या प्रत्येक बाटलीवर संशय घेतला. दोन तास ती एकेक बाटली उघडून माझ्यासमोर ठेवत होती आणि मी गप्प बसलो होतो. मग सांगितलं.

दाजी रॅकवर कुंकू वाहून घरी गेल्यावर मला चैन पडेना. झाकणांवर लाल कण दिसत होते. एखादा कण आत गेला असला तर? म्हणून मी पाचही नळ्या उघडून पाहिल्या. उघड्या बोटांनी. हातमोजे समोरच होते, पण तो खोका पाटावर होता, त्यावर फूल होतं. आमच्यात पुजलेली वस्तू दसऱ्याआधी उचलत नाहीत. बाबा त्या दिवशी जाळ्याला हात लावत नाहीत, आई कोयता पाटावर मांडते आणि भाजी हाताने मोडते. मला तेव्हा ते नियम वाटले, जसे तुमचे लॅबचे नियम. दोन्ही पाळायचे म्हणून मी हात साबणाने दोनदा धुतले. बोटांच्या घामातच आरएनए खाणारं विकर असतं आणि ते साबणाने जात नाही, हे तुम्ही मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. आठवतही होतं. फुलापुढे माझा हात उठला नाही.

आत कुंकवाचा एकही कण नव्हता. ते खरं लिहिलं होतं.

जयाने डोकं धरलं. "अरे वेड्या, मला फोन करायचास! कुंकवाने काही झालं नसतं. झाकणावर अख्खा डबा ओतला असता तरी चाललं असतं!" सर म्हणाले, "झालं ते झालं. एक वेळचं औषध आहे अजून. पण धाग्यासाठीचा किरणोत्सारी फॉस्फेट यायला महिना जाईल." दाजी आजारी माणसासारखे कोपऱ्यात बसून आहेत. त्यांचा दोष नाही हे मी त्यांना तीनदा सांगितलं.

तुम्ही काय म्हणाल ते म्हणा. लिहा मात्र.

नाथा


शुक्रवार, २ नोव्हेंबर

नीलाताई, नमस्कार, जय भीम.

तुमचं अंतर्देशीय पत्र मिळालं. आत तीन ओळी होत्या: "राहू दे. इथल्या शाळेत जूनपासून नोकरी पक्की झाली आहे. तुझ्यावर राग नाही."

राग नाही हे वाचून मला बरं वाटायला हवं होतं.

परवा तुमच्या आई आल्या होत्या. कल्याणहून, डबा घेऊन, जणू तुम्ही आत कामात आहात. शांताबाई दारातूनच म्हणाल्या, "कोण रे नाथा? तू का? हडकलास. माझ्या पोरीचं काय अडकलंय ते दाखव मला. ती फोनवर धड बोलत नाही, जावई बोलतो."

मी जुनी फिल्म दिव्यासमोर धरली. लांबडे, म्हणजे साठलेले अर्धवट, कुठे, ते विरतात कसे, मधला तुकडा कुठे दिसायला हवा, सगळं सांगितलं. तुमच्यासारखं नाही जमलं. होड्यांवर गेलो आणि परत आलो.

त्या म्हणाल्या, "म्हंजे जे निघालं ते बघायचंय?"

"हो."

"मग यात अवघड काय सांगतोस एवढं? सव्वीस वर्षं आया आहे मी प्रसूतिगृहात. पोर बाहेर आलं, रडलं, सगळे पेढ्याच्या मागे. आमची सिस्टर मात्र वार ट्रेमध्ये पसरून बघत बसते, पुरी आली का. ती पुरी दिसली की मग बाई सुटली म्हणायचं." मग फिल्मकडे बोट दाखवून म्हणाल्या, "तुमच्या त्या परीक्षकाला वार बघायचीय. बरोबर आहे त्याचं."

जया खुर्चीवरून हसत पडायची बाकी होती. म्हणाली, "मावशी, तुम्हीच या व्हायवाला."

"मी येते. पण लिहिणार कोण? लिहिणारी तिकडे तंगड्या वर करून पडलीय." हे तुमच्या आईचे शब्द आहेत, माझे नाहीत. डबा इथेच ठेवून गेल्या. वांग्याची भाजी होती. येत्या आठवड्यात त्या तुमच्याकडे बाळंतपणाला येतायत. मी हे आधी लिहितोय, कारण आल्यावर त्या तुम्हाला काय बोलतील ते मला दिसतंय.

फॉस्फेट पंधरा तारखेला येईल. आम्ही प्रयोग करणार आहोत. तुम्ही नको म्हणालात तरी. फिल्म आली की ती तुमची, कपाटात ठेवा नाहीतर बाळाला खेळायला द्या. पण पान मला लिहिता येणार नाही, जयालाही नाही. सर म्हणाले, त्यांनी लिहिलं तर तो त्यांचा प्रबंध होईल.

नाथा


मंगळवार, २० नोव्हेंबर

नीलाताई, नमस्कार, जय भीम.

तुमचं पत्र शनिवारी आलं. वर मायना नाही, खाली सही नाही. मध्ये एवढंच: "दुसरा फ्लास्क सदतीसवरच राहू दे, परत गार करू नकोस. त्यातलेही नमुने त्याच वेळांना घे. तिथे तुकडा दिसता कामा नये. ही तुलना नसेल तर कोणीही विश्वास ठेवणार नाही, मीसुद्धा ठेवणार नाही. आणि कडेच्या रांगेत मापाचे तुकडे घाल. जयाला सांग, जेल घाईत ओतू नको, ती नेहमी घाईत ओतते."

जयाने ते वाचलं आणि पत्राला हात जोडले. "आल्या बाई," म्हणाली. मी पत्र दोनदा वाचून तुमच्या खुर्चीपुढच्या भिंतीवर चिकटवलं. खुर्ची आता सरळ केली आहे.

काल प्रयोग केला. औषध दोन्ही फ्लास्कमध्ये मिळून संपलं. बाटली उलटी करून पाहिली. मी दोन मोजे एकावर एक घातले होते. नमुने तयार झाले ते थेट जयाच्या हातात दिले आणि हात पाठीमागे बांधून उभा राहिलो. दाजींनी दार लावून बाहेर स्टूल टाकलं आणि कोणालाही आत सोडलं नाही. सर आले तर त्यांनाही म्हणाले, "आत काम चालू आहे." सर परत गेले.

फ्लास्क पंचवीसच्या पाण्यात उतरला तेव्हा मला आत बघावंसं वाटलं. बघण्यासारखं काही नसतं हे माहीत आहे, गढूळ पाणी फक्त. तरी त्या पाण्यात आता कोणीतरी हळूच हलायला लागलं असेल, पोटातली फळी सैल होत असेल, दोन टोकं एकमेकांना शोधत असतील, असं वाटत राहिलं. खिडकीतून ऊन त्या पाण्यावर पडलं होतं आणि सगळी खोली सावकाश डोलत होती. जया "आता!" म्हणाली. पहिल्यांदा मला ऐकू आलं नाही. दुसऱ्यांदा आलं.

नाथा


सोमवार, ३ डिसेंबर

नीलाताई, नमस्कार, जय भीम.

तार मिळाली. मुलगी झाली, दोघी खुशाल. दाजींनी सगळ्या लॅबला पेढे वाटले. शांताबाईंना सांगा, मी पेढा हातात घेऊन आधी विचारलं होतं, वार पुरी आली ना म्हणून. जयाने माझ्या पाठीत गुद्दा घातला.

आता दुसरं. फिल्म शुक्रवारी धुतली.

मापाचे तुकडे सरळ रेषेत आलेत. पहिल्या फ्लास्कमध्ये लांबडे वर ठळक आणि दर रांगेला फिकट होत जाणारे. सदतीसवरच ठेवलेल्या फ्लास्कमध्ये लांबडे तसेच, जागच्या जागी, आणि खाली काही नाही. मग मी पहिल्या फ्लास्कच्या खालच्या भागाकडे पाहिलं. काही दिसलं नाही. जयाने फिल्म ट्यूबलाइटसमोर धरली, तिरकी केली, आणि म्हणाली, "श्वास घेऊ नकोस, फिल्म धुरकट होतेय." दहा मिनिटांच्या रांगेत, तीसेक अक्षरांच्या मापाला समांतर, नखाने ओढल्यासारखी एक रेघ. वीसला तिच्याहून फिकट. चाळीसला नाही.

सर चष्मा काढून, डोळ्याजवळ नेऊन बराच वेळ पाहत राहिले. "आहे," म्हणाले. मग पुन्हा, "आहे हो."

तेच कागद आणखी तीन दिवस नव्या फिल्मवर ठेवले होते. आज सकाळी ती धुतली. रेघ आता कोणालाही दिसते. दाजींनाही दिसली. मात्र जया म्हणते एक गोष्ट लपवायची नाही. लांबडे जेवढे गेले त्या मानाने तुकडा कमी दिसतो. काही पूर्ण झाले, काही कुजले असतील. किंवा तुकडा सुटल्यावर लगेच विरतो. यातलं काय, ते तुम्ही ठरवून लिहा. मला विचाराल तर मी सगळेच सुटले म्हणेन. पण मला कोणी विचारू नये.

मूळ फिल्म पोस्टात हरवली तर, या भीतीने झोप लागेना. म्हणून जया मला मानपाड्याला तिच्या ओळखीच्या स्टुडिओत घेऊन गेली, फोटो काढून घ्यायला. मालकाने फिल्म दिव्यावर लावली आणि विचारलं, "कोणाचं हाड आहे हे?" जया म्हणाली, "अहो, हाड नाही, टी-आरएनए." तो म्हणाला, "मोडलंय का?" मी म्हटलं, "मोडलं होतं. जुळलंय." त्याने तीन प्रती छान काढल्या. दोन सोबत पाठवतोय, एक सरांकडे. मूळ फिल्म लॅबच्या कपाटात आहे.

बाळंतिणीला घाई करू नये असं आई म्हणते. तिचं बरोबर आहे. बाळ झोपेल तेव्हा लिहा. पेन्सिलीने लिहिलंत तरी चालेल, मी शाईने उतरवून देईन आणि एक काना इकडचा तिकडे होऊ देणार नाही. टंकलेखनाला चार दिवस, बांधणीला दोन, विद्यापीठाच्या खिडकीवर एक. वीस तारखेपर्यंत पान माझ्या हातात हवं.

बाळाचं नाव कळवा.

हिशेब असा:

एक्स-रे फिल्म, दोन (दुसऱ्या वेळच्या): ३८ रुपये
स्टुडिओ, तीन प्रती: ४५ रुपये
पुठ्ठा आणि सुतळी: २ रुपये ५० पैसे
रजिस्टर पोस्ट: ११ रुपये
एकूण: ९६ रुपये ५० पैसे

त्यातले सरांनी दिले ५०. जयाने ३०. दाजींनी न विचारता १०. माझे ६ रुपये ५० पैसे.

जयाला, दाजींना देणे: ते घेत नाहीत.
माझे येणे: सोडले.
तुमच्याकडून येणे: एक पान.